कांदा चोरीला गेला नव्हता

मे संपत आला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या. "अगं, गच्चीवरचा माझा गडांबीचा कांदा कुणीतरी उपटून नेला. कुंडीत नुसती माती आहे!"

हा कांदा त्यांनी तीन वर्षांपूर्वी चिपळूणजवळच्या माहेराहून पिशवीत घालून आणला होता. चांगला नारळाएवढा. शास्त्रीय नाव क्रायनम लॅटिफोलियम. पहिल्या पावसाच्या सुमारास याला पांढरी, मधोमध गुलाबी पट्टा असलेली मोठी फुलं येतात. लावताना मान मातीच्या वर ठेवा असं मीच सांगितलं होतं, त्यामुळे पंचनाम्याला मला जावंच लागलं. तोवर संशय माळ्यावरून घुशीवर आणि घुशीवरून सातव्या मजल्यावर गेला होता.

कुंडी वर्तमानपत्रावर उपडी केली. कांदा जागेवर होता, फक्त चार बोटं खाली गेला होता. त्याच्या बुडातून करंगळीएवढी जाड मुळं निघून तळाच्या खापरीला विळखा घालून बसली होती, आणि बुडाजवळच्या भागात त्या मुळांवर हत्तीच्या सोंडेवर असतात तशा आडव्या सुरकुत्या होत्या. काकूंना ती कीड वाटली. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं, कारण या सुरकुत्यांबद्दल मी वर्षानुवर्षं ऐकणाऱ्याच्या शोधात असते.

आधी कंद लावण्याच्या या छंदाबद्दल दोन शब्द. थंड देशांतले बागवाले काही कंदांना 'नाजूक' म्हणतात. नाजूक का, तर हिमतुषार पडले की मरतात. हिवाळ्याआधी ते उकरायचे, पुसायचे आणि तळघरात जपायचे. मुंबईत सांताक्रूझला नोंदलेलं आजवरचं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश सेल्सिअस, तेही २२ जानेवारी १९६२ ला. म्हणजे त्यांचे नाजूक ते आपल्याकडे पैलवान. दक्षिण अमेरिकेची हिप्पीएस्ट्रम, आफ्रिकेची फुटबॉल लिली, कोलंबिया-पेरूकडची युकॅरिस हे सगळं आपल्या ग्रिलमध्ये सुखाने नांदतं. लग्नाच्या हारातला निशिगंध मूळचा मेक्सिकोचा, आणि आता शास्त्रज्ञांनी त्याला चक्क घायपाताच्या प्रजातीत घातलं आहे. आपल्याकडे कंद मरतात ते कुजून. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात विश्रांतीला गेलेला कंद ओल्या मातीत राहिला की खेळ संपला. राहता राहिली ट्यूलिप. तिला फूल धरायला तीनेक महिने फ्रीजसारखी थंडी लागते. भाजीच्या कप्प्यात कंद ठेवून बघणारे हौशी मला माहीत आहेत. शेजारी सफरचंदं असतील तर त्यांतून निघणारा इथिलीन वायू आतली कळीच मारतो. मी त्या वाटेला जात नाही.

आता सुरकुत्या. पुस्तकी नाव आकुंचनशील मुळं. मी त्यांना खेचमुळं म्हणते.

बी रुजतं मातीच्या वरच्या थरात, पण कंदाला राहायचं असतं खोल. वरती उन्हाचा चटका, वणवा, साळिंदर, रानडुक्कर. क्रायनमचं बी तर इतकं मांसल असतं की टेबलावर ठेवलं तरी पाण्याशिवाय कोंब काढतं. अशा उघड्यावर जन्मलेल्या पोराने खाली जायचं कसं? कंदाला ना पाय ना नखं. तो मुळं खाली सोडतो, मुळांची टोकं मातीत घट्ट रुततात, आणि मग मुळाचा बुडाजवळचा भाग आखडतो. टोक हलत नाही, म्हणून कांदा हलतो. विहिरीत उतरणारा माणूस आधी खाली दोर बांधून मग स्वतःला ओढत नेईल, तसं. काही जातींत मुळाचा हा भाग निम्म्यापर्यंत आखूड होतो.

पण वनस्पतीला स्नायू नसतात. मग आखडतं काय? इथे मला खरी मजा वाटते, तेव्हा जरा धीर धरा.

वनस्पतीची पेशी म्हणजे भिंतीच्या पिशवीत दाबाखाली भरलेलं पाणी. हा दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त असू शकतो. भिंतीत सेल्युलोजचे तंतू असतात आणि ते ताणले जाता ताणले जात नाहीत. साध्या वाढत्या मुळात हे तंतू पेशीभोवती आडवे गुंडाळलेले असतात, लाकडी पिंपाला लोखंडी पट्ट्या असतात तसे. आतून दाब आला की पेशीला रुंद होता येत नाही, म्हणून ती लांब होते. मूळ वाढतं ते असं.

खेचमुळात तंतूंची दिशा बदलते. आडवे होते ते तिरपे होतात आणि मग उभे. आता दाब तोच, पण कुंपण फिरलेलं. पेशी लांब होऊ शकत नाही, म्हणून बाजूंना फुगते. आणि फुगता फुगता आखूड होते. हे पटत नसेल तर शाळेत केलेला कागदी आकाशकंदील आठवा. घोटीव कागदाला उभ्या चिरा पाडायच्या, नळी करून चिकटवायची आणि वरून दाबायची. पट्ट्या बाहेर फुगतात, कंदील बुटका होतो. पट्टीची लांबी बदललेली नसते, पण तिला बाक आल्यामुळे वरची कडा खाली आलेली असते. खेचमुळाच्या सालीतली प्रत्येक फुगणारी पेशी असा एकेक कंदील आहे. फरक इतकाच की तिथे वरून कोणी दाबत नाही, आतलं पाणी फुगवतं. अशा हजारो पेशी एकाखाली एक रचलेल्या असल्या की प्रत्येकीचं जरासं आखडणं मिळून बोटभर होतं. सालीचे बाहेरचे थर या कामात भाग घेत नाहीत. आतलं अंग आखडल्यावर ते घसरलेल्या मोज्यासारखे चुण्या पडून गोळा होतात. काकूंनी पाहिलेली 'कीड' ती हीच. मधली पाणी वाहणारी नळीसुद्धा नागमोडी होते.

तंतूंची दिशा कोण ठरवतं? पेशीच्या आत, भिंतीला लागून, ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या सूक्ष्मनलिका असतात. सेल्युलोज विणणारी यंत्रणा पेशीच्या पातळ पटलातून, या नलिकांच्या रुळांच्या कडेने सरकते. रूळ वळले की विणही वळते. हायसिंथ या फुलकंदाच्या मुळांत हे रूळ आडव्याचे तिरपे आणि मग उभे होताना पाहिले गेले आहेत.

याच सूक्ष्मनलिका मोडणारं रसायन आपल्या पावसाळी रानात उगवतं. कळलावीच्या कंदात कोल्चिसिन असतं आणि ते ट्युब्युलिनला चिकटून नलिका बनूच देत नाही. घरात कळलावी लावली की भांडणं होतात, असं मला आजवर निदान दहाजणांनी बजावलं आहे. आमच्या सोसायटीत कळलावी फक्त माझ्याकडे आहे आणि भांडणं सगळी पार्किंगवरून होतात. मात्र तिचा कंद पोटात गेला तर माणूस मरू शकतो. ती भीती खरी आहे आणि कळलावीला लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवणं हा त्यावरचा एकमेव तोडगा.

कंदाला कळतं कसं, की आता पुरे? ग्लॅडिओलसवरच्या प्रयोगांत दोन खुणा सापडल्या, उजेड आणि दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक. मातीच्या पृष्ठभागावर हा फरक मोठा असतो. साधारण दहा सेंटिमीटर खाली तो एक तृतीयांशाच्या आसपास येतो, वीतभर खाली आणखी मावळतो. फरक जाणवतोय म्हणजे आपण अजून वरच आहोत, तेव्हा खेचमुळं काढा. जाणवेनासा झाला की साधी मुळं पुरतात.

आणि इथेच गच्चीवरच्या कुंडीची गोची होते. जमिनीला ऊन फक्त वरून लागतं, कुंडीला बाजूंनीही लागतं. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत तर तळापर्यंत दुपार आणि पहाट वेगळी जाणवत असणार. मग कांद्याने थांबावं कुठे? तो आपला शांत जागेच्या शोधात उतरतच राहतो, असा माझा अंदाज आहे. सिद्ध केलेलं नाही.

शिवाय एक वाटेकरी आहे. काकू दर वर्षी कुंडीत वरून शेणखत टाकतात. चार बोटांतली दोन बोटं त्या खताचीच असू शकतात. असं म्हटल्यावर काकू म्हणाल्या, "म्हणजे मीच पुरला म्हण की!"

तेव्हा मोजायचं ठरलं. कांदा पुन्हा लावला, मान वर ठेवून, पण आता मातीच्या कुंडीत आणि दोन्ही बाजूंना दुसऱ्या कुंड्यांचा आडोसा करून. मातीची पातळी खताने बदलते, म्हणून माप कुंडीच्या काठापासून. काठावर आडवी पट्टी ठेवायची आणि मानेवर नेलपॉलिशने केलेल्या लाल खुणेपर्यंतचं अंतर दर महिन्याच्या एक तारखेला लिहायचं. माझ्या हिप्पीएस्ट्रमच्या काळ्या कुंडीलाही तशीच खूण केली आहे, आडोसा न करता. दोन कुंड्या, दोन वेगळ्या जाती, हा काही प्रयोग नव्हे हे मला कळतं. आणखी गडांबी हवेत. काकू गणपतीला माहेरी जाणार आहेत. परसातले आणा, रानातले उकरू नका, एवढं सांगितलंय. बोरिवलीच्या नावावरून नाव पडलेल्या सफेद मुसळीचे, म्हणजे क्लोरोफायटम बोरिव्हिलिआनमचे, शक्तिवर्धकाच्या जाहिरातींपायी रानात काय हाल झाले ते पुरेसं आहे.

एक जुलैचं माप: काकूंचा कांदा जागेवर. माझा तीन मिलिमीटर खाली. काकूंच्या मते मी पट्टी वाकडी धरली होती.