सुकार्नो कोण आणि सुहार्तो कोण?

ही दोन नावं बरेच जण एकच समजतात, किंवा एकाचं पाप दुसऱ्याच्या खात्यात टाकतात. दोघंही जावाचे, एक इंडोनेशियाचा पहिला प्रेसिडेंट आणि दुसरा लगेच त्याच्यानंतरचा, त्यामुळे घोळ होतो हे खरंय. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे सुकार्नो = महाभारतातला कर्ण. लहानपणी सारखा आजारी पडायचा म्हणून वडिलांनी नाव बदलून कर्णावरून ठेवलं, आणि तिकडे शेवटच्या अ चा उच्चार ओ सारखा होतो, म्हणून कर्नो.

सुकार्नो शिक्षणाने इंजिनिअर. डचांच्या तुरुंगात गेले, मग फ्लोरेस आणि बेंकुलूला हद्दपारी, आणि १७ ऑगस्ट १९४५ ला साथीदार मोहम्मद हत्तांना (पुढचे उपराष्ट्राध्यक्ष) सोबत घेऊन स्वातंत्र्य जाहीर केलं. आपल्या १९५० च्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाचे पाहुणे हेच, १९५५ ची आशिया-आफ्रिकेतल्या देशांची बांडुंग परिषद पण यांचीच.

सुहार्तो मात्र सैनिक, आधी डचांच्या फौजेत, मग जपान्यांनी उभ्या केलेल्या दलात, मग इंडोनेशियाच्या. १९६५ मध्ये सहा जनरल मारले गेले आणि त्यानंतर सैन्याची सूत्रं यांच्या हातात आली, कम्युनिस्ट ठरवून किमान पाच लाख माणसं मारली गेली, मार्च १९६६ मध्ये सुकार्नोंकडून अधिकारपत्र घेतलं आणि पुढे १९९८ पर्यंत खुर्ची सोडली नाही. पूर्व तिमोरवरचा १९७५ चा हल्ला पण यांचाच.

पण म्हणून सुकार्नो लोकशाहीवाले आणि सुहार्तो हुकूमशहा अशी वाटणी करू नका प्लीज, मला याचाच जास्त त्रास होतो. १९५५ च्या निवडणुकीत कुणालाच बहुमत नाही, सरकारं पडतायत, हे बघून सुकार्नोंनी १९५७ मध्ये मार्शल लॉ आणला, १९५९ मध्ये फर्मान काढून जुनी घटना परत लागू केली, १९६० मध्ये निवडून आलेली संसदच बरखास्त केली आणि १९६३ मध्ये तहहयात प्रेसिडेंट झाले. हत्ता आधीच १९५६ ला उपराष्ट्राध्यक्षपदाचा राजीनामा देऊन बाहेर पडले होते. देशाचे पहिले पंतप्रधान शाहरिर, स्वातंत्र्याच्या लढ्यातलाच माणूस, त्यांना १९६२ मध्ये खटला न चालवता आत टाकलं. सैन्याला कारभारात एवढी मोकळीक याच काळात मिळाली आणि सुहार्तोंना तो रस्ता तयारच मिळाला.

सुकार्नो १९७० ला नजरकैदेतच वारले. जकार्ताजवळच्या बोगोरला पुरा अशी त्यांची इच्छा होती, सुहार्तोंनी लांब पूर्व जावातल्या ब्लितारला पुरलं.