नेटवर्क आपोआप दुरुस्त होतं, मग तक्रार कशाला?

गोव्यात पावसाळा लागला की एक संदेश पुन्हा फिरू लागतो: 'हल्लीची यंत्रणा स्वयंचलित आहे, बिघाड आपोआप दुरुस्त होतो, तक्रारीची गरज नाही.' यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच तो पटतो.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये महत्त्वाच्या कार्डांना (यंत्रातल्या सर्किटच्या पाट्यांना) जोडीचं राखीव कार्ड असतं. चालू कार्ड बिघडलं की काम तिकडे जातं. एक्स्चेंजांना जोडणारी फायबर (प्रकाशातून संदेश नेणारी काचेची तार) पुष्कळदा कड्यासारखी टाकतात; एका बाजूला तुटली तर संदेशांची वाहतूक उलट्या बाजूने वळते. एसडीएच या, फायबरवरून संदेश नेण्याच्या एका पद्धतीच्या कड्यात बिघाड कळल्यावर ही अदलाबदल 50 मिलिसेकंदांत व्हावी, असं मानक आहे. बोलणाऱ्याला कळतही नाही. पण इथे दुरुस्त काहीच झालेलं नसतं, फक्त वाट बदललेली असते. बिघडलेलं कार्ड माणसानेच बदलावं लागतं. तोवर राखीव काही उरत नाही. दुसरा बिघाड झाला की सेवा बंद.

घरापर्यंत येणाऱ्या शेवटच्या तारेला तर बहुधा दुसरी वाटच नसते. सत्तरी तालुक्यात माडाचं चुडत पडून ती तुटली, तर कुठलीही यंत्रणा ती जोडणार नाही.

तपासणं सोपं आहे. वीज असताना फायबरच्या मोडेमवरचा 'एलओएस' (लॉस ऑफ सिग्नल, म्हणजे सिग्नल नसल्याचा) दिवा पाहा. तो लाल असेल तर प्रकाश मोडेमपर्यंत पोचत नाही. मोडेम बंद-चालू करून सहसा उपयोग नसतो. तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक लिहून घ्या, दिव्याचा रंग सांगा. शेजाऱ्यांकडेही तेच असेल तर तेही सांगा. त्यावरून तार कुठे तुटली असेल याचा अंदाज बांधता येतो.