दोन हात मारले म्हणजे इन्सुलेशन झालं का? छताचा पांढरा रंग आणि उष्णतारोधक थर

"छताचं इन्सुलेशन करून घेतलं" असं कोणी सांगितलं की मी आधी विचारतो, किती जाडीचं? "दोन हात मारले" असं उत्तर आलं की कळतं, छताला पांढरा परावर्तक रंग लावलाय, इन्सुलेशन झालेलंच नाही. उलट गल्लतही तितकीच होते. फॉल्स सीलिंगच्या वर ग्लासवूल (काचेच्या बारीक तंतूंची लोकर) अंथरून घेतलेली माणसं, स्लॅब वरून पूर्वीइतकाच का तापतो म्हणून कंत्राटदाराशी वाद घालतात. काम कदाचित नीट झालेलं असतं, पैसे मात्र एका वस्तूचे दिलेले असतात आणि अपेक्षा दुसरीच्या गुणांची असते. जाहिराती दोघींनाही "हीट प्रूफ" म्हणून मोकळ्या होतात, त्यामुळे हा गोंधळ मिटायचं नाव घेत नाही.

पांढऱ्या रंगाबद्दल फार सांगायला नको. काळा शर्ट उन्हात चटके देतो, पांढरा देत नाही. साधा करडा काँक्रीटचा स्लॅब अंगावर पडलेल्या उन्हापैकी ढोबळमानाने ३० टक्के परत पाठवतो, चांगला ताजा पांढरा कोट ८० टक्क्यांच्या आसपास. धूळ आणि शेवाळ बसलं की हा आकडा घसरतो, म्हणून छत धुवावं लागतं आणि काही वर्षांनी पुन्हा कोट द्यावा लागतो. एवढं बहुतेकांना माहीत असतं.

अडखळायला होतं ते पुढच्या मुद्द्यावर, आणि तिथेच जरा थांबायला हवं.

ऊन छतापर्यंत प्रकाशाच्या रूपात येतं. छताने ते शोषलं की त्याची उष्णता होते. पांढरा रंग फक्त या एका क्षणी काम करतो: प्रकाशाचा मोठा भाग शोषलाच जाऊ देत नाही. जो भाग शोषला गेला, तो खाली खोलीकडे वाहायला लागला की रंगाला अडवता येत नाही. गरम हवा छताला लागून जी उष्णता देते, तीही रंगाला अडवता येत नाही. इन्सुलेशनचं याच्या बरोबर उलट आहे. उष्णता उन्हातून आली, गरम वाऱ्यातून आली की खोलीतल्या हीटरमधून, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्याला एकच गोष्ट कळते: आपल्या एका बाजूचं तापमान जास्त आहे आणि दुसऱ्या बाजूचं कमी. त्या फरकामुळे वाहू पाहणाऱ्या उष्णतेचा वेग ते कमी करतं. म्हणून रंग ऊन असेल तेव्हाच उपयोगी, आणि इन्सुलेशन दिवसा, रात्री, ढगाळ हवेत, थंडीतही. एक छत्री आहे, दुसरा स्वेटर. भर उन्हात छत्री हवीच, पण गार वाऱ्यात ती उघडून ऊब येणार नाही.

आकड्यांत पाहू. बाहेरची हवा ३८ अंश, आतली खोली एसीने २८ अंशांवर ठेवलेली, छतावर दर चौरस मीटरला ९०० वॉट ऊन आणि १५० मिलिमीटरचा उघडा करडा स्लॅब. स्लॅबचा वरचा पृष्ठभाग ६० अंशांच्या घरात तापेल असं धरलं, तर दर चौरस मीटरमधून साधारण १०० वॉट उष्णता खोलीत उतरते. दहा चौरस मीटरच्या खोलीत हजार वॉट, म्हणजे डोक्यावर एक इस्त्री सतत चालू ठेवल्यासारखं. त्याच स्लॅबला स्वच्छ पांढरा कोट दिला की हा आकडा ४० वॉटच्या आसपास येतो. रंग न लावता ५० मिलिमीटर पफ (पॉलियुरेथेनचा कडक फोम) बसवला तर १४. दोन्ही केलं तर ६. हे स्थिर अवस्थेचं ढोबळ गणित आहे. प्रत्यक्षात स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि संध्याकाळनंतर सोडत राहतो, त्यामुळे तासागणिक आकडे बदलतात. पण क्रम तोच राहतो.

आता ऊन काढून टाका. रात्र झाली, बाहेर ३२ आणि आत २६. स्लॅबची साठलेली उष्णता बाजूला ठेवली तर पांढऱ्या आणि करड्या छतात काही फरक उरत नाही, दोन्हींतून उष्णता सारख्याच वेगाने येते. इन्सुलेशन असलेल्या छतातून मात्र तिचा सातवा भागही येत नाही.

इथे कोणी म्हणेल, मग रंगातच इन्सुलेशनचा गुण का घालू नये? "सिरॅमिक मायक्रोस्फिअर" म्हणजे सिरॅमिकच्या सूक्ष्म पोकळ गोळ्या असलेले, "थर्मल बॅरियर" म्हणवणारे रंग हाच दावा करतात, आणि मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते. पदार्थाचा उष्णतारोध, म्हणजे आर-व्हॅल्यू, काढायला एक भागाकार पुरतो: मीटरमधली जाडी भागिले उष्णतावाहकता. १५० मिलिमीटरच्या काँक्रीटची वाहकता दीडच्या आसपास धरली तर आर-व्हॅल्यू येते ०.१. पफची वाहकता ०.०२५, म्हणून ५० मिलिमीटरला २. रंगाचा वाळलेला थर अर्धा मिलिमीटर. त्याची वाहकता थर्माकोलच्या जवळपास, ०.०५ असल्याचं उदार मनाने मान्य केलं, तरी आर-व्हॅल्यू ०.०१. पफच्या दोनशेव्या भागाइतकी. अर्ध्या मिलिमीटरात कितीही पोकळ गोळ्या घाला, जाडीला पर्याय नाही.

हे रंग विकताना दाखवलं जाणारं प्रात्यक्षिकही नीट बघा. दोन पत्रे, वर दिवा, एकावर रंग, आणि खालून हात लावून बघायला सांगतात. रंगवलेला पत्रा गार लागतो, कारण दिव्याचा प्रकाश परत गेला. ते परावर्तन आहे आणि ते खरंच होतं. दिव्याऐवजी वर उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवा, दोन्ही पत्रे सारखेच पोळतील. परावर्तनासाठी पैसे द्यायला माझी हरकत नाही. इन्सुलेशनच्या नावाने जास्तीचे पैसे घ्यायला आहे.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिउलिन रुआन यांच्या गटाने २०२१ साली बेरियम सल्फेटचा असा पांढरा रंग दाखवला की तो ९८.१ टक्के सूर्यप्रकाश परतवतो आणि भर उन्हातही आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड राहू शकतो. विज्ञान म्हणून ते फार सुंदर काम आहे. पण तो रंगही इन्सुलेशन नाही. खोलीतला हीटर चालू असेल तर वर जाणारी उष्णता तो अडवणार नाही.

हवेपेक्षा थंड राहण्यात परावर्तनाइतकाच दुसऱ्या एका गुणाचा वाटा असतो: शोषलेली उष्णता अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडणं. याला उत्सर्जकता म्हणतात. पांढरा रंग आणि काँक्रीट या बाबतीत सारखेच चांगले, दोघांची उत्सर्जकता ०.९ च्या आसपास. चंदेरी अॅल्युमिनियम पेंट इथेच मार खातो. तो चमकतो, ऊनही बऱ्यापैकी परतवतो, पण शोषलेली उष्णता पांढऱ्यासारखी सहज सोडत नाही आणि त्यामुळे जास्त तापतो. चमक बघून चंदेरी रंग निवडू नका, पांढराच घ्या. दोन्ही गुण एकत्र मोजणारा आकडा म्हणजे एसआरआय (सोलर रिफ्लेक्टन्स इंडेक्स): प्रमाणित काळ्या पृष्ठभागाला ०, प्रमाणित पांढऱ्याला १००. डब्यावर तो नसेल तर विचारा.

फॉइलची गोष्ट थोडी वेगळी. अॅल्युमिनियम फॉइलचं कमी उत्सर्जन हाच तिचा उपयोग, पण समोर हवेची मोकळी फट असेल तरच. तापलेल्या पत्र्याखाली दोनअडीच सेंटिमीटर पोकळी सोडून फॉइल ताणली की पत्र्याकडून खाली येणारे किरण ती चांगले अडवते. तीच फॉइल सिमेंट आणि फरशीच्या मध्ये चेपून बसवली की उष्णता सरळ तिच्यातून वाहते. फॉइल लावलेल्या बबल शीटवर (हवेचे फुगे असलेल्या प्लास्टिकवर) मोठी आर-व्हॅल्यू छापलेली दिसली तर ती हवेची पोकळी धरून काढली आहे का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग घ्यायचं काय? सपाट स्लॅबवर ऊन पडत असेल आणि खालच्या खोलीत एसी नसेल, तर आधी पांढरा कोट. मला याबद्दल शंका वाटत नाही. स्वस्तात होतो, स्लॅबचं रोजचं तापणं-प्रसरण कमी होतं, आणि रात्री स्लॅब आकाशाकडे उष्णता सोडायला मोकळा राहतो. अशा खोलीत आधी जाड इन्सुलेशन बसवलं तर दुपार सुसह्य होते, पण खिडक्यांतून आणि माणसांमुळे आत साठलेली उष्णता रात्री छतातून बाहेर पडत नाही. मग रात्रीच्या वायुवीजनाची सोय हवीच. रोज तासन्‌तास एसी चालणारी खोली असेल तर इन्सुलेशनवर खर्च करा, आणि वरून पांढरा कोटही द्या. थंड प्रदेशात, जिथे महिनोन्‌महिने घर तापवावं लागतं, तिथे फक्त इन्सुलेशन. तिथे पांढरं छत हिवाळ्यातलं फुकटचं ऊन नाकारतं.

इन्सुलेशन स्लॅबच्या वर की खाली? जमत असेल तर वर. खाली, फॉल्स सीलिंगमध्ये बसवलं तर खोली वाचते पण स्लॅब तसाच भाजत राहतो, आणि सुरुवातीला सांगितलेला वाद तिथूनच उगवतो. वर बसवायचं तर पाणी न शोषणारा आणि वजन पेलणारा एक्सपीएस (थर्माकोलच्याच जातीचा, पण घट्ट फोम), त्याखाली वॉटरप्रूफिंग, वरून फरशी किंवा कोबा. उतरत्या छताखाली माळा असेल आणि तो राहायला वापरत नसाल, तर माळ्याच्या जमिनीवर ग्लासवूल किंवा रॉकवूल (दगड वितळवून केलेली तशीच लोकर) अंथरणं सगळ्यात सोपं. फक्त वर सामान रचून ते चेपू नका. आतली हवाच काम करत असते, जाडी निम्मी झाली की रोधही जवळपास निम्मा होतो.

वॉटरप्रूफिंग ही तिसरीच गोष्ट. गळतं छत आधी दुरुस्त करा, कारण पाणी स्थिर हवेच्या वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं, आणि भिजलेलं ग्लासवूल नुसतं ओझं असतं. आगीचंही बघा: थर्माकोल पेटतो आणि काळा धूर करतो, रॉकवूल जळत नाही. घराच्या आतल्या बाजूला मी थर्माकोल उघडा कधीच ठेवणार नाही.

आता पैशांचं. कोटेशनची तुलना "दर चौरस फुटाला किती" एवढ्यावर करणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय आहे. २५ मिलिमीटरचं आणि ५० मिलिमीटरचं काम एकाच रांगेत ठेवून स्वस्त ते निवडलं जातं. जागेला नव्हे, रोधाला भाव लावा: चौरस मीटरचा दर भागिले आर-व्हॅल्यू. मजुरी आणि वरचं फिनिशिंग वेगळं लिहून मागा, कारण जाडी वाढली तरी ते फारसं वाढत नाही. आर-व्हॅल्यू कोणत्या एककात आहे हेही विचारा. अमेरिकी एककातला आकडा मेट्रिकच्या ५.६८ पट मोठा दिसतो, म्हणजे तिकडचं ११ हे इकडचं जेमतेम २.

जाडी किती, याचं उत्तरही वरच्याच उदाहरणात आहे. उघड्या करड्या स्लॅबमधून १०० वॉट येत होते. पफचे पहिले २५ मिलिमीटर ते २४ वर आणतात, पुढचे २५ चौदावर, आणि त्यापुढचे आणखी ५० मिलिमीटर सातवर. पहिल्या इंचाने जे मिळतं ते पुढच्या तिन्हींनी मिळून मिळत नाही. उष्ण हवेत ५० मिलिमीटर पफवर मी थांबेन आणि उरलेले पैसे खिडक्यांवरच्या सावलीत घालेन. थंडीच्या देशांचा हिशोब वेगळा. ब्रिटनमध्ये माळ्यावर २७० मिलिमीटर मिनरल वूल (ग्लासवूल किंवा रॉकवूल) घालायला सांगतात, कारण तिथे तापवण्याचा खर्च वर्षातले कितीतरी महिने चालू असतो.

रंगाच्या कोटेशनमध्ये तीन गोष्टी लेखी हव्यात: ताज्या कोटचं परावर्तन, तीन वर्षांनंतरचं परावर्तन, आणि एका लिटरमध्ये किती चौरस मीटर क्षेत्र होणार. तिसरी गोष्ट फार महत्त्वाची, कारण पाणी जास्त घालून दोन हातांत एका हाताचा रंग उरकणं सहज शक्य असतं. रिकामे डबे मोजून घ्या.

इन्सुलेशनचे पूर्ण पैसे ते झाकलं जायच्या आधी देऊ नका, आणि न बघता झाकूही देऊ नका. चारपाच ठिकाणी बारीक सळई खुपसून मोजपट्टी लावा, कडा आणि पाइपांभोवतीच्या फटी बघा, फोटो काढा. रॉकवूल असेल तर पिशवीवरची घनता आणि वाहकता लिहून घ्या. एकदा वर फरशी किंवा खाली बोर्ड बसला की आत ५० मिलिमीटर आहे की ३०, हे तोडल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही.