सागरी महामार्ग : पूल आधी की रस्ता आधी?

गणपतीत मुंबई-गोवा महामार्ग तुंबला की ‘मग किनाऱ्याने जा की’ असा सल्ला हमखास मिळतो. हा किनाऱ्याचा रस्ता म्हणजे अलिबागजवळच्या रेवसपासून गोव्याच्या वेशीवरच्या रेडीपर्यंतचा सागरी महामार्ग. नावात ‘महामार्ग’ असला तरी बराचसा भाग दुपदरी, गावागावांतून आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणारा.

मुख्य रस्ता मुळात समुद्रापासून इतका आत का, याचं उत्तर खाड्यांत आहे. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या मुखाशी ऐसपैस होतात. सावित्री बाणकोटला, वाशिष्ठी दाभोळला, शास्त्री जयगडला. पूर्वी गलबतं भरतीबरोबर खाडीत जमेल तितकी आत शिरायची आणि तिथून माल घाटावर चढायचा. महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर ही पेठांची गावं त्यातूनच उभी राहिली. नदी तिथे अरुंद, पूल बांधायला सोपी. पुढे महामार्गाने हीच गावं जोडली. किनाऱ्यावरच्या माणसाला मुंबई गाठायला बोट होती, त्यामुळे बंदर ते बंदर रस्त्याची निकड कुणाला फारशी भासली नाही.

बोटींचे दिवस सरले आणि ती भासू लागली. बॅ. अ. र. अंतुले १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. रेवस-रेडीची कल्पना त्यांच्या नावावर जमा आहे. रस्त्याचे तुकडे त्यानंतर होत गेले. रेवदंडा-साळाव, भाट्ये, जैतापूर इथे पूलही झाले. पण सगळ्यांत रुंद मुखं राहिलीच. बाणकोट खाडीवरचा पूल तर काम सुरू होऊन वर्षानुवर्षं रखडला. माझ्या मते गाडं इथेच अडलं : सोपे तुकडे आधी उरकले, अवघड पूल मागे ठेवले, आणि पुलांवाचून सलग वाट झालीच नाही.

ती पोकळी जंगलजेटीने भरली. फेरीबोटीला कोकणात याच नावाने ओळखतात. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडले, आगरदांडा-दिघी, जयगड-तवसाळ. बोटीची झडप जेटीच्या उतारावर टेकते, आधी दुचाक्या सुटतात, मग गाड्या. दाभोळहून गुहागरला जायचं तर एरवी चिपळूणचा वळसा. तो इथे काही मिनिटांत टळतो. हवा बिघडली की मात्र फेरी बंद, आणि मग चिपळूणला पर्याय नाही.

आता खाडीपुलांचं काम राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्याने मुंबईकर उरणपर्यंत झटकन पोचतो, म्हणून उरणजवळच्या करंजाला खाडीपलीकडच्या रेवसशी जोडणाऱ्या करंजा-रेवस पुलाचं महत्त्वही वाढलं. शेखाडीची किनारपट्टी किंवा गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला जाणारी आरे-वारेची वाट पाहायला येणाऱ्यांना आहे तो रस्ता पुरतो. त्यावर महामार्गाची वाहतूक सोडायची तर वाड्यांमधून रुंदीकरण की गावाबाहेरून वळणरस्ते, हे जमिनीवाल्यांना आधी विचारावं लागेल.