कॉइलओव्हर सस्पेन्शनची जुळवणी

शॉक अब्सॉर्बरच्या भोवतीच कॉइल स्प्रिंग बसवलेली असते आणि शॉकच्या नळीवर आटे पाडून स्प्रिंगची बैठक वरखाली करण्याची सोय केलेली असते, अशा रचनेला कॉइलओव्हर म्हणतात. तिच्या जुळवणीत गाडीची उंची, स्प्रिंगचा पूर्वदाब (गाडीचा भार येण्याआधीच स्प्रिंगला दिलेला दाब) आणि डँपिंग (स्प्रिंगचे डोलणे आवरणारा शॉकचा विरोध) या तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. गाडी कडक चालते म्हणून बैठकीची रिंग सैल करणे हा गॅरेजमध्ये सर्रास आढळणारा प्रकार मात्र चुकीचा आहे, कारण सरळ (सर्वत्र सारख्या दराने दबणाऱ्या) स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीवर, वेढ्यांच्या व्यासावर आणि संख्येवर ठरतो. रिंग फिरवून तो बदलत नाही.

पूर्वदाबाचा हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होतो. स्प्रिंगचा दर मिलिमीटरला ६ किलो असून त्या चाकावर गाडीचा ३०० किलो भार येत असेल, तर गाडी जमिनीवर उभी असताना स्प्रिंग ५० मिमी दबते. रिंग १० मिमी आवळली तरी स्प्रिंग एकूण ५० मिमीच दबते; मात्र त्यांतले १० मिमी चाक अधांतरी असतानाच दबलेले असतात. परिणामी गाडी १० मिमी वर उचलली जाते आणि खड्ड्यात चाक खाली सोडण्यासाठी ५० ऐवजी ४० मिमीच उरतात. रिंग उलट दिशेने फिरवली की गाडी खाली येते, पण शॉकचा दांडाही तेवढाच आत जातो आणि बंप स्टॉप (चाल संपताना दांड्याला अडवणारा ठोकळा) जवळ येतो. हे टाळण्यासाठी काही संचांमध्ये शॉकचा खालचा ब्रॅकेटही आट्यांवर फिरणारा असतो. त्यात उंची ब्रॅकेटने कमी होते आणि शॉकची चाल शाबूत राहते. बऱ्याच लहान गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला खांब) असला तरी मागे टॉर्शन बीमवर (दोन्ही मागची चाके जोडणाऱ्या आडव्या तुळईवर) स्प्रिंग आणि शॉक वेगवेगळे बसतात. तिथे उंचीची रिंग फक्त स्प्रिंगच्या बैठकीला असते, म्हणून मागच्या जोडीला कॉइलओव्हर म्हणणे काटेकोर नाही.

उंची चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजतात. टायरमधील हवा कमीजास्त असली तरी या मापात फरक पडत नाही. जॅकवरून उतरवलेली गाडी टायर आत ओढले गेल्यामुळे काही काळ उंचच राहते, म्हणून ती सपाट फरशीवर पुढेमागे ढकलून मगच माप घ्यावे लागते. रिंग फिरवताना चाक अधांतरी हवे आणि गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकलेली हवी. मराठवाड्यात आधी आट्यांकडे पाहावे लागते. पावसाळ्यात काळी माती आट्यांत भरते आणि उन्हाने वाळून घट्ट बसते. तशीच रिंग फिरवली तर ॲल्युमिनियमच्या रिंगचे आटे खरवडून निघतात. पाण्याने आणि मऊ ब्रशने आटे धुऊन कोरडे केल्यावरच हूक पान्याने आधी लॉक रिंग (बैठकीची रिंग जागेवर धरणारी दुसरी रिंग) सोडवावी आणि काम झाल्यावर ती पुन्हा आवळावी.

स्ट्रट असलेली गाडी खाली आली की खालचा आर्म चाकाच्या बाजूने वर झुकतो आणि रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जाते. दोघांतले अंतर वाढल्यामुळे मूळ स्प्रिंगवर केवळ उंची कमी केली तर वळणावर गाडी कमी झुकेलच असे नाही. कँबर (चाकाचा आत किंवा बाहेर असलेला उभा कल) आणि टो (चाकांची पुढची कड आत किंवा बाहेर वळलेली असणे) दोन्ही बदलतात. टायर आतल्या कडेने झिजू लागला तर आधी टो तपासावा. उंचीतल्या प्रत्येक बदलानंतर व्हील अलाइनमेंट करणे आणि हेडलाइटचा झोत पाहणे आवश्यक असते.

डँपिंग सगळ्यात शेवटी ठरवतात. वरचा नॉब घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण कडक करून तिथून मागे क्लिक मोजतात आणि एका ॲक्सलच्या दोन्ही बाजू सारख्या ठेवतात. जोर लावला तर आतली सुई आणि तिची बैठक खराब होऊ शकते. एकाच नॉबच्या शॉकमध्ये मुख्यतः स्प्रिंगची परतीची गती बदलते. उंचवट्यानंतर गाडी दोनतीनदा डोलली तर डँपिंग कमी आहे. उलट, पाठोपाठ आलेल्या पट्ट्यांवरून जाताना ती दर पट्टीला खाली बसत गेली, तर डँपिंग जास्त आहे, कारण पुढचा धक्का येईपर्यंत स्प्रिंगला पूर्ण उघडायला वेळच मिळत नाही. ही दुसरी चूक या भागात अधिक महागात पडते. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरून जाणाऱ्या अनेक रस्त्यांवर एकामागून एक लाटा तयार होतात.

गतिरोधकांचा हिशेब वेगळा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकात गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच ठरवला होता. त्यावर २.५ मीटर व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांतल्या अंतराची) गाडी मधोमध आली, तर दोन चाकांमध्ये त्याचा उंचवटा सुमारे ४६ मिमीच भरतो. गावाच्या वेशीवर हाताने रचलेला अरुंद उंचवटा मात्र पूर्ण उंचीने चाकांमध्ये उभा राहतो आणि इंजिनच्या चेंबरला किंवा सायलेन्सरला लागतो. १६५ मिमी ग्राउंड क्लिअरन्सची गाडी ४० मिमी खाली घेतली की १२५ मिमी उरतात, आणि चार माणसे बसली की त्याहून कमी. म्हणून संभाजीनगर, जालना किंवा लातूरच्या रोजच्या वापरासाठी २५ मिमीच्या आसपास थांबणे शहाणपणाचे ठरते. समृद्धी महामार्गाच्या सपाट काँक्रीटवर चाचणी घेऊन ठरवलेली उंची तालुक्याच्या रस्त्यावर टिकत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांत मनाजोगा बदल करता येत नाही. नियमबाह्य बदलासाठी २०१९ च्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली आहे.