'हार्पर्स वीकली'तली अनवाणी पोरं

न्यूयॉर्कच्या 'हार्पर्स वीकली'ने २० सप्टेंबर १८७३ च्या अंकात दोन पानं भरून एक चित्र छापलं. खेड्यातली एकखोली शाळा, मधली सुट्टी. पोरांनी हात घट्ट धरून रांग केलीय. एका टोकाची पाय रोवून थांबलीत आणि दुसऱ्या टोकाची चाबकाच्या शेपटासारखी गवतात भिरकावली जातायत. खेळाचं नाव 'स्नॅप द व्हिप', चित्राचंही तेच. चित्रकार विन्स्लो होमर. तैलरंगात हा प्रसंग त्याने वर्षभर आधीच रंगवला होता.

होमर मूळचा बॉस्टनचा, जन्म १८३६ चा. शिळाछापखान्यात उमेदवारी केली, तिथे जीव रमेना, म्हणून १८५७ पासून साप्ताहिकांना चित्रं देऊ लागला. अमेरिकेच्या यादवी युद्धात 'वीकली'साठी तो आघाडीवर गेला. झाडावर बसून नेम धरणारा त्याचा सैनिक नोव्हेंबर १८६२ मध्ये याच साप्ताहिकात आला होता. त्यानंतर अकरा वर्षांनी ही पोरं. सहा लाखांहून अधिक माणसं गमावलेल्या देशाला ती हवीहवीशी वाटली, यात नवल नाही.

साप्ताहिकातलं चित्र तेव्हा लाकडी ठोकळ्यावर कोरून छापत. त्यामुळे त्या पानांवर आज होमरची म्हणून ओळखली जाणारी रेघ मात्र दुसऱ्याच कुणीतरी कोरलेली असायची. ठोकळे बॉक्सवूड या कठीण लाकडाचे. त्याचं झाड बारीक, त्यामुळे मोठ्या चित्रासाठी आडव्या छेदाचे छोटे ठोकळे बोल्टने जोडावे लागत. चित्र ठोकळ्यांवर उतरलं की घाई असल्यास ते सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांत वाटत. ठसा छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांइतक्याच उंचीचा, म्हणून मजकुराबरोबरच छापता येई. काही जुन्या अंकांत सांध्याची पांढरी रेघ अजून दिसते.

चित्रातलं खेडं तेव्हाही संपूर्ण खरं नव्हतं. १८७० च्या जनगणनेत दहा ते पंधरा वयाची सात लाखांहून अधिक मुलं कामकरी म्हणून नोंदली गेली आणि त्यांतली कित्येक शेतावरच राबत होती. होमरच्या पानांवर ती क्वचितच घाम गाळतात. १८७४ च्या उन्हाळ्यात ती बेरी तोडतात, गळ टाकून बसतात, वाळूच्या कड्यातल्या पाकोळ्यांच्या घरट्यांतून अंडी पळवतात.

१८७३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर बंदरावर होमरने जलरंग हाती घेतले आणि १८७५ मध्ये साप्ताहिकांचं काम सोडलं. पुढे हाफटोन, म्हणजे छायाचित्रासारख्या छटा बारीक ठिपक्यांतून छापायची पद्धत, आला आणि हळूहळू ठसे कोरणाऱ्यांचीही गरज उरली नाही.