जमिनीपासून दोन फूट

उंदीर पडू लागले की घर सोडायचं आणि माळावर झोपडी घालून राहायचं, हे प्लेगच्या दिवसांत आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत पोराटोरांनाही कळत होतं. का सोडायचं, ते मात्र कुणाला सांगता येत नव्हतं. सरकारलाही नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. त्यानंतर प्रशासनाचा सगळा भर घाणीवर राहिला: भिंती धुवायच्या, सामान बाहेर काढायचं, माणसं उचलून छावणीत न्यायची. पुण्यात याचा किती अतिरेक झाला आणि जून १८९७ मध्ये रँडवर गोळ्या कशा झाडल्या गेल्या, हा इतिहास शाळेत शिकवतात. त्याच साथीत प्राण्यांवर जे प्रयोग झाले, ते कुणी शिकवत नाही.

जंतू तोवर सापडला होता. १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सँ या शास्त्रज्ञाने तो शोधला आणि प्राण्यांना टोचून खात्री करून घेतली. पण टोचल्यावर प्राणी मरतो, एवढंच त्यातून कळतं. सुई हातात नसते तेव्हा रोग एका घरातून दुसऱ्या घरात जातो कसा?

पिसवांवर संशय घेतला पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने. त्याने १८९७ मध्ये मुंबईत काम केलं आणि पुढच्या वर्षी कराचीत एक साधा प्रयोग मांडला. काचेच्या मोठ्या बरणीत आजारी उंदीर, त्याच्या अंगावर पिसवा, आणि त्याच बरणीत वर टांगलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात धडधाकट उंदीर. खालचा मेला आणि काही दिवसांनी वरचाही गेला. दोघांचा एकमेकांना स्पर्शसुद्धा झालेला नव्हता. तरी शास्त्रज्ञांनी त्याचं म्हणणं धुडकावलं. एका बरणीवरून साऱ्या साथीचं गणित मांडायचं, हे त्यांना पटेना; आणि खरं सांगायचं तर ही शंका अगदीच गैर नव्हती.

मग १९०५ मध्ये प्लेग संशोधन आयोगाचं काम मुंबईत सुरू झालं. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेगची लस काढणारे वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ पासून होतीच. आयोगाने तिथे चक्क छोट्या खोल्या बांधल्या. सगळ्या एकसारख्या, फरक फक्त छपरांचा. दोन खोल्यांवर साधी देशी कौलं, ज्यांत उंदरांचा सुखाने संसार चालतो. दोनांवर मंगलोरी कौलं, जिथे त्यांची जरा अडचण होते. आणि उरलेल्या दोनांवर उंदराला राहताच येणार नाही असं छप्पर. प्रत्येक छपराखाली तारेची जाळी मारलेली. म्हणजे उंदीर आणि लेंड्या वरच अडतील, पिसू मात्र खाली पडू शकेल. मुंबईतलं चाळीचं घर उचलून प्रयोगात आणलं होतं म्हणा ना.

त्या खोल्यांत गिनीपिग ठेवले. पिसवा नसल्या तर आजारी आणि निरोगी गिनीपिग एकाच जागी, एकमेकांच्या घाणीत लोळले तरी निरोगी जनावर तगून राहायचं. पिसवा आल्या की साथ सुरू. मग पिंजऱ्यांची उंची बदलून पाहिली. जमिनीवरचा गिनीपिग मेला. दोन इंच वर टांगलेलाही सुटला नाही, कारण उंदरावरची पिसू साधारण चार इंच उडी मारते. दोन फूट वरचा मात्र जगला. जमिनीवर सहा इंच रुंद चिकट कागदाचा पट्टा भोवती अंथरला, तरी आतला प्राणी वाचायचा. हवेतून विष येत असतं, तर कागदाने ते अडलं नसतं.

आयोगातले ग्लेन लिस्टन तर प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग मोकळे सोडायचे आणि नंतर त्यांच्या अंगावरच्या पिसवा गोळा करायचे. चालता-फिरता सापळाच तो. उंदीर मेल्यावर पिसू उपाशी राहते आणि मिळेल त्या गरम रक्तावर जाते, हे त्यातून दिसलं. अशा घरात जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्या माणसाची जागा गिनीपिगने घेतली होती. पिसू जंतू नेमका सोडते कसा, ते कळायला १९१४ उजाडलं: जंतूंनी तिची अन्ननलिका तुंबते, भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि ओढलेलं रक्त जंतूंसकट जखमेत परत जातं. हे काम बॅकॉट आणि मार्टिन यांनी लंडनमध्ये केलं.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक अडचण. ज्या उंदराचा हा रोग, तोच प्रयोगात भरवशाचा ठरेना. सारखाच जंतू टोचला तरी मद्रासचे उंदीर पटापट मरायचे आणि मुंबईचे पुष्कळदा तगायचे. वर्षानुवर्षं साथी झेलून मुंबईत चिवट उंदरांचीच पैदास उरली होती. अशा उंदरावर लस किंवा औषध तपासलं तर तो कशामुळे वाचला, औषधामुळे की वंशामुळे? म्हणूनच पुढे, परळच्या प्रयोगशाळेचं नाव हाफकिन इन्स्टिट्यूट झाल्यावर, तिथले संचालक साहिब सिंग सोखी यांनी तिथेच वाढवलेले पांढरे उंदीर वापरले, सगळे प्लेगला सारखेच बळी पडणारे. १९४० च्या सुमारास सल्फाची (त्या काळची नवी जंतुनाशक) औषधं प्लेगवर चालतात का, ते तपासलं गेलं याच उंदरांवर. गटारातल्या मुंबईकर उंदराला त्या कामातून वगळलं होतं.